रविवारची हवा

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या बाबतीत घडलंय, म्हणून सांगते.

गेल्या वर्षीचा एप्रिल संपत आला होता. रविवारची दुपार. बेंगळुरूत आनेकल रस्त्यावरचं आमचं विद्यापीठ.

मी कस्तुरी, निपाणीची. बंद खोल्यांतल्या हवेचा मुलांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, यावर माझी पीएचडी चालू आहे. खोल्यांत मीटर लावायचे, मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचे.

माणूस श्वास सोडतो, तसा खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. मोकळ्या हवेत मीटर चारशेवीस दाखवतो. खोली रिकामी असली की आकडा तिथंच निजून राहतो.

वाचनालयातली बारा नंबरची खोली छोटी. चार खुर्च्या. भिंतभर काच, पलीकडे गुलाबी फुलांनी लहडलेलं झाड. पण काच उघडत नाही. झाड नुसतं दिसतं, त्याचा वारा लागत नाही.

रविवारी ती खोली कुलपात असते.

आणि रविवारीच तिथला आकडा चढत होता...

अकराला चारशेवीस. बाराला सातशे. दोनला अकराशे.

एका माणसाच्या श्वासाइतका.

चार रविवार असंच. मीटर बदलून पाहिला, तरी तेच. माझे गाईड नंदकिशोर सर हसून म्हणाले, "भुताकडून फॉर्म भरून घे, मग बघू."

पाचव्या रविवारी मी किल्ली मागितली. झाडलोट करणाऱ्या गंगव्वा ती घेऊन आल्या. अथणीकडच्या त्या. कुलूप काढलं, पण उंबऱ्यातच थांबल्या.

"आक्का, जास्त बसू नको आत. मार्चात ते पोरगं हितंच गेलं की. सुशांत. दमा होता त्याला. हॉस्टेलात पोरांचा कालवा, म्हणून हितं अभ्यासाला यायचं. तवा रविवारी कुलूप नसायचं, पण हवेचं मशीन बंद ठेवत्यात. सांजच्याला मी दार ढकललं, तर डोकं वहीवर..."

मार्चमध्ये मी बहिणीच्या लग्नाला घरी होते. परत आले तोवर कुणी त्याचं नाव काढत नव्हतं.

मला एक फॉर्म आठवला.

फेब्रुवारीत एक फॉर्म आला होता. चाळीस प्रश्न, एक ते पाच आकड्यांवर खूण करायची. त्यावर एकही खूण नव्हती. पानभर आडवं, मराठीत लिहिलं होतं. खाली माझं नाव वाचून आपलं माणूस वाटलं असेल.

'ताई, बारा नंबरमध्ये रविवारी हवा बंद असते. दम लागतो. कुणाला तरी सांगाल का?'

मी त्यावर 'अपूर्ण' लिहिलं आणि तो गठ्ठ्यातून काढून टाकला. तसा नियमच असतो.

गंगव्वा गेल्या. मी आत जाऊन दार लावलं.

मीटर नऊशे दाखवत होता.

समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. तरी मी तिच्याकडे बघून बोलले.

"सुशांत, तुझा फॉर्म मी वाचला होता. कुणाला सांगितलं नाही रे."

अगदी जवळ कुणीतरी लांब श्वास आत ओढला...

तो सोडल्याचं ऐकू आलंच नाही.

आकडा उतरायला लागला. आठशे. सहाशे. पाचशे.

दार बंद. काच बंद. मी जिवंत, हुंदके देत बसलेली. तरी आकडा चारशेवीसवर येऊन टेकला. लेकरानं आपल्या वाटणीची हवासुद्धा मला देऊन टाकली होती.

सोमवारी मी विद्यापीठाला सगळं लिहून दिलं, माझ्या चुकीसकट. त्या दुपारचे आकडे मात्र सरांनी बाजूला ठेवायला लावले. महिन्याभरानं काच कापून खिडकी बसवली. तेव्हापासून रविवारचा आकडा चढलेला नाही.

गंगव्वा म्हणतात, "सुटलं बघ पोरगं."

पण खिडकी उघडी असली की एका माणसाच्या श्वासानं आकडा हलतच नाही. तो गेलाय की अजून बसलाय, हे आता मीटरला कळायचं नाही.

रविवारी मी अजून जाते. समोरची खुर्ची खिडकीजवळ सरकवते...

आणि बसून राहते.