अरुण आधी, वरुण नंतर

टेबलावर दोन संगणक होते, एक पडदा, एक कळफलक, तीन तापमापक, चहाचे सात रिकामे कप आणि एक जाड वही. वहीत अठरा चाचण्यांचे आकडे होते, नऊ अरुणचे आणि नऊ वरुणचे. खोलीत माणसे दोन आणि यंत्रमानव एक. तिघेही थकले होते. यंत्रमानव थकत नाहीत असे म्हणतात, पण भाऊरावांच्या बोटांच्या सांध्यांतून कालपासून कुरकुर ऐकू येत होती.

"साहेब, त्या बुरुजावरून मी अठरा वेळा उडी मारली," भाऊराव म्हणाले. "आता बुरूजच मला ओळखतो."

"झालं आता. सुटलास," दिगंबर आजोबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. साल होते २०५१, गाव अकोला, महिना मे, वेळ दुपारी बाराची. आजोबांनी सारी हयात मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावरही घराच्या मागच्या खोलीत त्यांची मोजमापे चालूच होती.

या वेळचे काम मात्र त्यांच्या नातीचे होते. बारा वर्षांची शर्वाणी शाळेच्या 'गडझुंज' या संगणकावरच्या खेळाच्या संघात गडाचा दरवाजा राखायची. मागच्या वर्षी अंतिम सामन्यात शत्रूचे चाळीस सैनिक एकदम दरवाजावर आले आणि तिच्या पडद्यावरचे चित्र अर्धा सेकंद थबकले. चित्र हलले तेव्हा दरवाजा पडलेला होता. या वर्षी स्पर्धेने प्रत्येक शाळेला संगणक निवडायला सांगितले होते. पाचही खेळाडूंना एकाच प्रकारचे प्रोसेसर (संगणकाचा हिशेब करणारा मुख्य भाग) मिळणार होते, अरुण तरी किंवा वरुण तरी. आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचे होते.

"अरुण लिही," आजोबा म्हणाले. "तीन दिवस झाले, एकदाही वरुण पुढे गेला नाही."

शर्वाणीने पेन उचलले आणि तसेच धरून ठेवले. "पण आजोबा, वरुणचे ठोके जास्त आहेत ना?"

ठोके म्हणजे काय, हे त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितले होते. कवायतीत शिट्टीच्या तालावर पावले पडतात, तसा प्रोसेसर आपल्या आतल्या ठोक्यांवर काम करतो. अरुणचे ठोके सेकंदाला पाच अब्ज ऐंशी कोटी आणि वरुणचे सहा अब्ज वीस कोटी. दोघांचेही ओव्हरक्लॉकिंग (कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा ठोके वाढवणे) आजोबांनीच केले होते.

"ठोके जास्त म्हणजे काम जास्त, असं नसतं बाप्पा," आजोबा म्हणाले. "एकाच्या एका ठोक्यात जास्त काम होतं, दुसऱ्याच्या कमी. वरुणचं कमी होत असेल."

"असेल म्हणजे? मोजलंय का आपण?"

"ताईंनी हा प्रश्न तिसऱ्या दिवशी दुपारी विचारला, याची मी नोंद करतो," भाऊराव म्हणाले.

"तू गप रे."

आजोबांनी काळजी काही कमी घेतली नव्हती. खेळणारा बदलला तर आकडे बदलतील, म्हणून भाऊराव प्रत्येक वेळी तीच दहा मिनिटे, त्याच कळा दाबून खेळत. चित्राचा आकार त्यांनी मुद्दाम लहान ठेवला होता. "घरात एक जण पोळ्या लाटतो आणि एक भाजतो," त्यांनी समजावले होते. "तवा एकच असला तर लाटणारा कितीही चपळ असो, पोळ्या भाजणाऱ्याच्याच वेगाने उतरणार. इथे प्रोसेसर लाटतो आणि चित्रपत्ता (पडद्यावरचे चित्र रंगवणारा भाग) भाजतो. आपल्याला लाटणारे पारखायचेत, म्हणून भाजणाऱ्याचं काम हलकं करायचं." खोलीतला कूलरसुद्धा त्यांनी बंद ठेवला होता. वारा एकाच संगणकावर जास्त पडला तर अन्याय होईल, असे त्यांचे म्हणणे होते.

तिने वही पुन्हा उघडली. अरुणची सरासरी सेकंदाला २१४ चित्रे, वरुणची १८७. त्याखालचा आकडा तिला जास्त महत्त्वाचा वाटे. सगळ्या चित्रांतून सर्वांत रेंगाळलेला शंभरावा हिस्सा बाजूला काढायचा आणि तेवढ्याचा वेग पाहायचा. आजोबा त्याला 'मंद वेग' म्हणत. सरासरी कितीही चांगली असो, चाळीस सैनिक दरवाजावर येतात तेव्हा चित्र थबकते की नाही, हे मंद वेगच सांगतो. अरुणचा १२८. वरुणचा ७४.

पानाच्या कडेला आणखी एक रकाना होता. भाऊरावांनी तो तीन दिवस सुवाच्य अक्षरात भरला होता आणि कोणी वाचला नव्हता. खोलीचे तापमान.

"आजोबा, आपण रोज अरुणच्या तिन्ही चाचण्या आधी का घेतो?"

"अ आधी येतो म्हणून. हजेरी घेतात तशी. काही ना काही क्रम लागतोच."

शर्वाणीने वही त्यांच्याकडे फिरवली. "आमच्या शाळेत धावण्याची परीक्षापण हजेरीच्या क्रमानेच होते," ती म्हणाली. "अनुष्का सकाळी सातला धावते. माझा नंबर येतो तेव्हा अकरा वाजतात आणि मैदान तापलेलं असतं. सर म्हणतात, शर्वाणी, तुला दम कमी आहे."

आजोबांनी चष्मा पुन्हा घातला आणि वही आपल्याकडे ओढली. कडेच्या रकान्यावरून त्यांचे बोट सावकाश खाली सरकत गेले. अरुण: ३१, ३२, ३३. वरुण: ३९, ४०, ४१. तिन्ही दिवस जवळजवळ तेच.

"भाऊराव, हे तुला दिसलं नाही?"

"मला लिहायला सांगितलं होतं, साहेब. वाचायला नाही."

आजोबा खुर्चीत मागे रेलले. चाळीस वर्षे मोजमाप केलेला माणूस आपल्याच वहीकडे असा बघत असलेला शर्वाणीने कधी पाहिला नव्हता. मग ते हळूहळू, जणू स्वतःलाच, सांगू लागले. ठोके वाढवायचे तर प्रोसेसरला विजेचा दाबही थोडा वाढवून द्यावा लागतो आणि त्याने उष्णता फार वाढते. ती बाहेर टाकायची कुठे, तर खोलीतल्या हवेत. हवाच तापलेली असेल तर उष्णता आतच साठते. शंभर अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर जळू नये म्हणून आपणहून ठोके कमी करतो. याला थ्रॉटलिंग (तापल्यावर स्वतःच वेग आवरणे) म्हणतात.

"म्हणजे वरुण हळू नव्हता. त्याला उन्हात पळवलं आपण," शर्वाणी म्हणाली.

"तसं असेल. नसेलही. मघाशी तूच म्हणालीस ना, मोजलंय का?" आजोबांनी घड्याळाकडे पाहिले. सव्वाबारा. "वाटण्यावर तुझा संघ नको खेळायला. पुन्हा करावं लागेल सगळं."

"तुम्ही दमलात आजोबा."

"हो, दमलो. चहा ठेवायला सांग."

भाऊरावांनी बोटे कळफलकावर ठेवली.

आजोबांनी कूलर सुरू करून त्याचे तोंड भिंतीकडे वळवले, म्हणजे वारा कोणावरच थेट येणार नाही. खोली ३३ अंशांवर आल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही, असे ठरले. क्रमही बदलला: अरुण, वरुण, वरुण, अरुण, आणि मग उलट. "असं केलं की नंतर येण्याचा तोटा दोघांत सारखा वाटला जातो," आजोबा म्हणाले. दहा मिनिटे खेळ आणि वीस मिनिटे थंड होणे, असे आठ वेळा.

दुपार फार सावकाश सरली. शर्वाणी दर पाच मिनिटांनी तापमान लिहीत होती आणि आता वाचतही होती. तिसऱ्या चाचणीनंतर आजोबांना खुर्चीतच डुलकी लागली. पाचव्या वेळी खोली ३५ वर गेली, तेव्हा तिने भाऊरावांना थांबवले.

"ताई, दोन अंशांनी काय बिघडतं? उशीर होतोय."

"बिघडतं की नाही ते माहीत नाही, म्हणूनच थांबायचं."

भाऊराव बुरुजावर तसेच उभे राहिले.

सव्विसाव्या उडीनंतर पडदा काळा झाला. शर्वाणी बेरजा करत बसली. आजोबा जागे झाले होते. ते कपाटातल्या जुन्या वह्यांच्या रांगेकडे पाहत होते.

"उद्यापासून या काढू," ते म्हणाले. "यांच्यातही कोणीतरी नेहमी नंतर आलं असेल."

"दोघं मिळून वाचू," ती म्हणाली आणि तिने बेरीज पुन्हा एकदा तपासली. घड्याळात चार वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. तिने वहीत लिहिले:

खोली ३३ अंश. प्रत्येकी चार चाचण्या. अरुण: सरासरी २१३, मंद वेग १२६. वरुण: सरासरी २०९, मंद वेग १५१. निवड: वरुण.