डाव्या गालावरचा काळा डाग

थियरीचं डोकं फुटलं होतं. कीबोर्डवर रक्त साकळलं होतं आणि स्टुडिओला बक्षीस मिळालेला पितळी पुतळा खुर्चीखाली पडला होता. एका घावावर भागलं नव्हतं, मारणाऱ्याने हात दुखेपर्यंत मारलं होतं.

पडद्यावर थियरीने व्हिडिओ गेमसाठी घडवलेला योद्ध्याचा चेहरा अजून उघडाच होता. डाव्या गालावर काळा डाग.

सकाळी सफाईवाल्याला प्रेत दिसलं. मॉन्ट्रियल पोलिसांनी खोली बंद केली, स्टुडिओतल्या कुणालाही आत सोडलं नाही, आणि थियरीची सहकारी कॉरिन हिला बेड्या घातल्या. आदल्या दुपारच्या बैठकीत 'अजून निम्माच चेहरा?' म्हणून ती त्याच्यावर ओरडली होती, गळा दाबीन म्हणाली होती. पुतळा तिच्याच टेबलावरचा, ठसेही तिचेच. बिचारीला जन्मठेप दिसू लागली.

सार्जंट आर्कांबो बाई फटकळ, पण कान तिखट. तिने स्टुडिओचा प्रमुख रॉद्रिग याला समोर बसवलं.

"थियरीला शेवटचं कधी पाहिलंत?"

"बैठकीत. चेहऱ्यावर डाग होता, मी झापलं त्याला. मग थेट घरी."

"डाग कुठे?"

"डाव्या गालावर. आख्खा गाल काळा."

आर्कांबोने कोठडीत जाऊन कॉरिनकडून चेहरा घडवण्याचं काम नीट समजून घेतलं. मग दोघांना एकाच खोलीत आणलं.

"चेहरा दोन्हीकडे सारखाच," आर्कांबो रॉद्रिगला म्हणाली, "म्हणून तुमची माणसं उजवा अर्धाच घडवतात आणि शेवटी आरशातल्यासारखा उलटवून डावा काढतात. उलटवताना पृष्ठभागाचे तुकडे कधी आत तोंड करून बसतात. उजेड चुकीचा पडतो, डाग दिसतो. बैठकीत डावा गाल नव्हताच, रॉद्रिग. थियरीने तो रात्री काढला. तो पाहणारा तेव्हा त्याच्या पाठीमागे उभा होता."

रॉद्रिगने टेबलावरून झेप घेऊन तिचा गळा धरला. शिपायाने त्याला भिंतीवर आदळलं, नाकातून रक्ताची धार लागली.

"हसला तो," रॉद्रिग धापा टाकत म्हणाला. "मी डाग दाखवला, तर माझ्या तोंडावर हसला."

कॉरिन बेडीने सोललेलं मनगट चोळत होती. तिला रडू आवरेना.

"हसणारच. ते तुकडे बाहेर वळवले की डाग जातो. दोन क्लिकचं काम रे. त्याच्यासाठी माणूस मारलास तू."