कस्तुरीची दुसरी वाढ

छत्तिसाव्या वर्षी कस्तुरी साळुंखेला चपला लहान व्हायला लागल्या, आणि बाईनं आनंदाच्या भरात अख्ख्या गल्लीला पाय दाखवले. "बघा की, अंगठा बाहेर आलाय!" गल्लीला कौतुक वाटलं, पण धक्का बसला नाही. इस्लामपुरात तोवर अशी तीनचार माणसं झाली होती. एक कारकून तर चाळिशीत सहा इंच वाढला होता आणि त्याची म्हातारी आई चष्मा लावून त्याच्या विजारींची दुमड उसवत बसायची.

याला 'दुसरी वाढ' म्हणतात. आपल्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचं नाव पीयूषिका. असते एवढीशी, पण हुकूम साऱ्या अंगावर चालवते. मूल गाढ झोपलं की ती रक्तात वाढीचं संप्रेरक सोडते. हाडांच्या टोकांशी असलेली मऊ कूर्चा तो निरोप ऐकते आणि हाड लांबत जातं. वयात येऊन गेलं की कूर्चेचं पक्कं हाड होतं आणि कारभार आटोपतो. ज्यांची पीयूषिका आळशी निघाली, त्यांना पूर्वी लहानपणीच रोज सुई टोचून ते संप्रेरक द्यावं लागे. ते वय हुकलं की माणूस जन्मभर तेवढाच राही. आता रुग्णाच्याच कातडीतल्या पेशींपासून प्रयोगशाळेत नव्या पीयूषिकेची एक 'कळी' वाढवतात, नाकावाटे ती जागेवर नेऊन बसवतात आणि दुसऱ्या एका औषधानं हाडांची मिटलेली टोकं पुन्हा मऊ करतात. मग खायचं, झोपायचं आणि वाढायचं. चाळिशीतही.

कस्तुरी आणि तिचा नवरा शंभूराज, दोघंही पावणेचार फूट. जोडा शोभतो म्हणून नातेवाईकांनी हे लग्न जमवलं होतं. मंगलाष्टकांना अंतरपाट धरणाऱ्यांना उकिडवं बसावं लागलं आणि उठताना एकाची कंबर धरली, हे शंभूराज आजही रंगवून सांगतो. दोघांचं दुखणं एकच, असं साऱ्या पाहुण्यारावळ्यांनी धरून टाकलं होतं. त्यामुळे कस्तुरीला डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. 'ती तसलीच आहे, तिला तसलाच नवरा बघितला,' विषय संपला.

दोघं लग्नकार्याचा स्वयंपाक करायची. त्यांचा अख्खा मसूर खायला कराडापासून माणसं यायची. उचलायला, ढवळायला यंत्रं आली होती, पण हाताच्या स्वयंपाकाला लोक अजून जादा पैसे मोजत.

तर मिरजेतल्या एका लग्नात शेवटची पंगत बसली. या पंगतीला आचारी, वाढपी आणि उशिरा आलेले पाहुणे एकत्र जेवतात. उशिरा आलेल्यांत डॉक्टर नीरजा किणीकर होत्या, ग्रंथींच्या विकारांच्या तज्ज्ञ. त्यांनी मसुरावर ताव मारला, पण नजर मात्र समोरच्या जोडप्यावरून हलेना.

"तुम्ही दोघं नात्यातले का?"

"नाही ओ," कस्तुरी म्हणाली. "मी नेर्ल्याची, हे इस्लामपूरचे. का?"

"मघाशी उभे होतात तेव्हा अगदी सारखे दिसलात. आता मांडी घालून बसल्यावर हे तुमच्यापेक्षा डोकंभर उंच आहेत."

"बसायच्या कामात मी कुणाला ऐकत नाही, मॅडम," शंभूराज म्हणाला आणि अख्खी पंगत हसली.

डॉक्टरीणबाई मात्र तो धागा सोडेनात. शंभूराजचं धड चारचौघांसारखंच होतं, आखूड होते ते हातपाय. कस्तुरीचं सगळंच प्रमाणात लहान होतं. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या दोन उंचींची कारणं वेगवेगळी होती. आठवड्याभरात त्यांनी दोघांना दवाखान्यात बोलावलं. पीयूषिकेला डिवचणारं औषध कस्तुरीला दिलं आणि थोड्या थोड्या वेळानं रक्त काढून पाहिलं. वाढीच्या संप्रेरकाचा पत्ताच नव्हता. मेंदूचं चित्र काढलं, तर ग्रंथी दबून चपटी झालेली.

"वाटाण्याएवढी हवी ती तुमची मसुराएवढी आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"घ्या! धंदा डोक्यातच घेऊन जन्मली की ही!" शंभूराजला हसू आवरेना. डॉक्टरही हसल्या.

"तुमची कळी लावता येईल, कस्तुरीताई. पाच फुटांच्या पुढे सहज जाल."

कस्तुरीनं नवऱ्याकडे बोट केलं. "आणि ह्यांचं?"

डॉक्टरांनी शंभूराजचे कागद पुढे ओढले. "ह्यांची ग्रंथी ठणठणीत आहे. निरोप वेळेवर सुटतो, पण हाडांच्या टोकाची कूर्चाच जन्मापासून 'थांब, थांब' म्हणतेय. लहान मुलांना त्यावर औषध आहे. ह्या वयात नाही. ती टोकं पुन्हा मऊ केली तरी थांबलेलीच राहतील."

"मग मलाही नको," कस्तुरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. नको म्हणताना तिला ते किती हवंय, हे त्या खोलीत तिघांनाही कळत होतं.

"गप की गं," शंभूराज म्हणाला. "माळ्यावरचा डबा काढायला घरात एक तरी माणूस पाहिजे."

परतताना बसमध्ये तिनं पुन्हा विषय काढला. "मी वाढले तर तुम्हाला कसं वाटेल, खरं सांगा."

"मान वर करून बघावं लागेल. जन्मभर लोकांकडं तसंच बघतोय. तू निदान दिसायला तरी बरी आहेस."

तिनं त्याला कोपरानं ढोसलं आणि मग दोघंही हसत सुटली.

कळी बसली आणि घरात नुसता धुमाकूळ सुरू झाला. कस्तुरीला भूक अशी लागायची की भाकरी तव्यावरून उतरायच्या आत संपायची. गुडघे ठणकायचे. शंभूराज तेल कोमट करून तिचे पाय चोळायचा आणि वर म्हणायचा, "हळू वाढ बाई, कौलं फोडशील." एके सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली म्हणून तो धावत गेला, तर बाई फ्रिजच्या डोक्यावर बोट फिरवत उभी. "अहो, इथं एवढी धूळ असते हे मला कुणी सांगितलंच नाही!" बँकेत पहिल्यांदा काउंटरपलीकडच्या बाईचा चेहरा दिसला, तेव्हा ती काम नसताना दहा मिनिटं तिथंच गप्पा मारत उभी राहिली. बायकांनी तिला पाचवारी साडी न कापता नेसायला शिकवली. कस्तुरी आनंदात होती, आणि तिचा आनंद बघून शंभूराजलाही मनापासून आनंद व्हायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

अडचण आली ती कामात. मोठं पातेलं उचलायचं तर दोन्ही कड्यांना दोर बांधायचा, दोराच्या फासात बांबू घालायचा आणि बांबूची टोकं दोघांच्या खांद्यांवर घ्यायची, ही त्यांची जुनी रीत. खांदे एका पातळीत होते तोवर ओझंही निम्मं निम्मं होतं. कस्तुरी वाढत गेली तसा बांबू तिरपा झाला आणि फास घसरत घसरत शंभूराजकडे यायला लागला. बिचारा बरेच दिवस काही बोलला नाही. एकदा आमटी त्याच्या पाठीवर सांडली, तेव्हा कुठं कस्तुरीला कळलं. ती रडायलाच लागली. त्यानं मात्र दुसऱ्या दिवशी बांबूला तिच्या बाजूला चांगली खोल खाच पाडली आणि फास तिच्यात अडकवला. "आता जास्त वजन तुझ्याकडं. उंच माणसानं जास्त उचलायचं!" महिनाभर तिचा खांदा दुखत होता, आणि त्या दुखण्याचंही तिला कौतुक होतं.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कुठं थांबायचं ठरवलंय? एका गोळीनं कळी झोपते. पण लक्षात ठेवा, झालेली वाढ मागे घेता येत नाही."

"पाच फूट दोन इंच," शंभूराजनंच उत्तर दिलं. "लग्नाआधी हिनं नवरा तेवढा मागितला होता म्हणे. आता स्वतःच होऊ दे."

कस्तुरी पाच फुटांना टेकली होती तेव्हा विट्याला एका बारशाचं काम आलं. सकाळचा कार्यक्रम, घर माणसांनी भरलेलं. पंगती उठल्यावर यजमानीणबाईंनी कस्तुरीला हात धरून ओसरीवर नेलं. ती तिथं सहासात बायकांच्या घोळक्यात उभी होती. त्यांच्याच उंचीची, त्यांच्याच डोळ्यांत बघून मसुराची कृती सांगत होती. शंभूराज मठ्ठ्याची बादली घेऊन तिच्या मागून आला. तेवढ्यात यजमानांची चार वर्षांची नात त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं त्याला खालवर न्याहाळलं आणि कस्तुरीचा पदर ओढला.

"काकू, तुमच्या बाळाला मिशी आहे!"

हास्याचा एकच स्फोट झाला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. कुणी पोरीच्या पाठीत लटकी चापट मारली. कस्तुरीनं पोटावर हात दाबला, डोळ्यांतून पाणी आलं, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकून ती खदाखदा हसली. तिचं हसणं थांबलं तेव्हा शंभूराज खाली बसून त्या पोरीला मिशी ओढून बघू देत होता.

दुपारी मागच्या अंगणात दोघं भांडी घासत बसली. कस्तुरीच्या हातातली घासणी थांबली.

"डॉक्टरांना फोन करते," ती म्हणाली. "गोळी घेते. बास झाली वाढ."

"आणि ते दोन इंच?"

"अहो, मी हसले. तुम्ही तिथं असताना मी हसले!" आणि तिला हुंदका फुटला.

"हसलीस की. बघितलं मी." त्यानं परात पालथी घातली. "फोन कर नाहीतर करू नको, तुझी मर्जी. पण मला एक सांग. जन्मभर लोकं माझ्यावर हसताना बघतोय. त्यांना नेमकं काय वाटतं, हे विचारायला आजपर्यंत माझं माणूस कुणी त्या बाजूला नव्हतं. आता तू आहेस. खरं सांग हं. मजा येते का?"

तिनं ओल्या हातानंच डोळे पुसले. खोटं बोलावंसं वाटत होतं, पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"येते," ती म्हणाली. "लई मजा येते. तुम्ही तिथं आहात, हे त्या घटकेला ध्यानातच येत नाही."

शंभूराजनं पुढचं पातेलं ओढून घेतलं.

"असं होय," तो म्हणाला. "मला आजवर वाटायचं, लोकं मुद्दाम हसतात."