न दाबलेलं बटण

"बाई, मी बटण दाबलंच न्हाई!" महांतेशनं तिसऱ्यांदा सांगितलं आणि गिटार खुर्चीला टेकवली.

सेलूच्या मंगल कार्यालयातली दुपारची तालीम थांबली होती आणि बाकीचे सगळे बाहेर चहाला गेले होते. त्यानं बोलावल्यावरून परभणीहून आलेल्या खासगी गुप्तहेर विजयमाला यांनी वही उघडली. त्यांचे सहायक रामहरी अजून कान चोळत होते. शिवभजनाच्या ऐन मधोमध गिटारचा ॲम्प्लिफायर असा काही खरखरला होता की त्यांना शेजारी कापसाच्या जिनिंगचं यंत्र सुरू झाल्यासारखं वाटलं.

गेल्या तिन्ही कार्यक्रमांत हेच झालं होतं. ॲम्पला दोन आवाज होते. एक नंबरचा साफ, दोन नंबरचा फाटका. पायाशी ठेवलेल्या मिडी पेडलचं बटण दाबलं की ॲम्पला नंबर जायचा आणि आवाज बदलायचा. ऑर्केस्ट्राचे मालक वीरुपाक्षअप्पा यांनी चारचौघांत महांतेशची बेइज्जती केली होती. आज संध्याकाळी चुकला तर तो कायमचा घरी.

"घरी होतं का असं?" विजयमालांनी विचारलं.

"एकदाही न्हाई. घरी पेडलापासून ॲम्पला एकच वायर. इथं सटवाजीभाऊंनी पेडलापाशी दोन वायरींची टोकं ठेवलेली असतात, मी दोन्ही लावतो."

"आवाज बिघडला तेव्हा पेडलच्या पडद्यावर कोणता नंबर होता?"

"एक! पण बोललो न्हाई कुणाला. बहाणा करायलाय म्हणले असते."

"मग पेडल खराब. नवं घ्या," रामहरी वैतागून म्हणाले.

"हे नवंच हाय, काका. जुन्यावरबी असंच व्हायचं, म्हणून मागच्या हप्त्यात आणलं."

रामहरी पुन्हा कान चोळू लागले.

साऊंडवाले सटवाजी आल्या आल्याच उखडले. "माझ्या हरेक वायरीला पिवळी टेप हाय. महांतेशला एक वायर. कीबोर्डला तीन, एक लाइटीची, दोन आवाजाच्या. त्याच्याउपर मला माहीत न्हाई."

त्यांच्यामागून आत आलेले कीबोर्डवाले शिवप्रकाश शांत होते. "मला त्या पेडलातलं काय कळतंय? पडद्यावर एक अन् आवाज दोनचा, असं कुठं असतंय का? पाय चुकायलाय त्याचा."

विजयमालांनी तेच भजन पुन्हा धरायला लावलं. या वेळी महांतेश दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसला. कीबोर्डवर हार्मोनियम वाजली, गिटार गोड चालली. शिवप्रकाशांनी बटण दाबून बासरी लावली आणि ॲम्प पुन्हा खरखरला.

"सटवाजीच असणार," रामहरी कुजबुजले.

विजयमाला तोवर कीबोर्डच्या मागे वाकल्या होत्या. उठून त्यांनी अप्पांना जवळ बोलावलं.

"ॲम्पला फक्त नंबर कळतो. तो कुणी पाठवला, हे कळत नाही. कीबोर्डवर आवाज बदलला की त्यातूनही नंबर निघतो, आणि यांनी बासरी दोन नंबरला ठेवलीय. सटवाजी तीन वायरी लावतात, इथं चार आहेत. चौथीला पिवळी टेप नाही. ती चटईखालून पेडलमध्ये जाते. पेडल आलेला हुकूम तसाच पुढं ॲम्पला देतं, स्वतःचा नंबर बदलत नाही, म्हणून पडद्यावर एकच राहतो. घरी ही वायर नसते, म्हणून घरी बिघाड नसतो."

"पण लावली कुणी?" अप्पांनी विचारलं.

"पडद्यावर एक होता, हे महांतेशनं माझ्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. शिवप्रकाश, तुम्ही तर तेव्हा बाहेर होतात, तुम्हाला कसं कळलं?"

शिवप्रकाशांनी मान खाली घातली. "पंधरा वर्सं गाण्यामधले वाजवायचे सगळे तुकडे माझे होते. हा आला अन् मला नुसते सूर धरून बसायला लावलं."

महांतेश त्यांच्याकडे बघत राहिला. सुटल्यासारखं त्याला वाटतच नव्हतं. "महिनाभर मी माझ्याच पायाला शिव्या दिल्या, दादा. रोज त्या बटणावर पाय घासत बसलो. मला येतच न्हाई असं वाटायला लागलं होतं."

"जाऊ दे आता," अप्पा घाईनं म्हणाले. "ह्यांचं मी बघतो. तू संध्याकाळची तयारी कर."

"करतो. पण तुमी मला सगळ्यांसमोर बोललात, अप्पा. एकदाबी इचारलं न्हाई."

तबलजी, गायिका, सटवाजी, सगळे थांबले होते. अप्पांनी खांद्यावरचा रुमाल उगाच नीट केला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.