डाव्या हातातला बझर

आमच्या स्कॅनच्या खोलीत शिरण्याआधी माणसाला अंगावरचं बरंच काही उतरवून ठेवावं लागतं. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, केसांतल्या पिना. मी एकेक वस्तू टोपलीत घेते आणि तेच तेच प्रश्न विचारते. शरीरात कुठे धातू बसवलाय का? बंद जागेची भीती वाटते का? एकोणीस वर्षं झाली. लोक विनोदही तेच करतात. ‘मेंदू सापडला तर कळवा हं!’ हा विनोद ऐकून ऐकून माझे कान किटलेत, तरी मी हसते. घाबरलेला माणूस हसला की कमी हलतो आणि चित्रं चांगली येतात.

मशीन फार आवाज करतं म्हणून कानांत बोळे घालते, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या डाव्या हातात बझर देते. लिंबाएवढा रबरी फुगा आणि त्याला लांब नळी. ‘काहीही वाटलं तर दाबा, मी लगेच थांबवते,’ असं सांगते. काचेपलीकडे माझ्या टेबलावर तो वाजतो. वाजला की मशीन थांबवायचं आणि माईकवरून विचारपूस करायची. त्यात स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे दुखण्याचा अभ्यास चालू होता. ज्यांचं अंग वर्षानुवर्षं दुखतं आणि कुठल्याच तपासणीत काही सापडत नाही, अशी तीस माणसं आणि तितकीच धडधाकट. उजव्या मनगटाला एक तबकडी बांधायची. ती मध्येच चटका बसेल इतकी तापते, मग निवते. सात मिनिटं हे चालतं आणि तेवढ्यात मेंदूत कुठे काय उजळतं ते टिपायचं. अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘यातून कोण खरं आणि कोण सोंग करतंय हे कळत नाही. कळतं असं कुणी म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे.’

मला मात्र नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं. माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. छापखान्यात मुद्रितं तपासायची. नऊ वर्षांपूर्वी तिची मान दुखायला लागली, मग खांदे, मग पाठ, मग सगळंच. नोकरी गेली, नवऱ्याने अंग काढून घेतलं आणि ती आईकडे आणि माझ्याकडे राहायला आली. सुरुवातीला मी खूप केलं, नाही असं नाही. पण रोज घरी गेलं की दारातच ‘आज फार दुखतंय गं’. बादली उचलवत नाही, जिना चढवत नाही, आणि मैत्रीण आली की मात्र तासभर हसून गप्पा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ‘नाटकं आहेत सगळी,’ असं मी आईला म्हणायचे. हळू आवाजात म्हणायचे, पण भिंती पातळ आहेत.

नातेवाइकाचं स्कॅन आपण करायचं नाही, असा नियम आहे. पण ताईने या अभ्यासात नाव दिलं तेव्हा तिचं आडनाव वेगळं होतं. मी गप्प बसले.

ती आली तेव्हा खुशीत होती. तिची दखल घेणारं कुणीतरी भेटलं होतं ना! ‘माझ्या धाकट्या बहिणीचं राज्य आहे इथे, मला कसली भीती?’ असं म्हणून तिने स्वतःच बझरभोवती बोटं मिटली.

दुसऱ्या चटक्याला, एक मिनिट दहा सेकंदांनी बझर वाजला. मी घड्याळाकडे बघितलं आणि मनात म्हटलं, झालं सुरू. आवाज बंद करायचं एक बटण असतं. ते मी दाबलं. दोन मिनिटं पाच सेकंदांनी पुन्हा. पुन्हा बंद केला. तीन मिनिटांनंतर तो थांबेचना, तेव्हा मी बटणावर बोट ठेवूनच बसले. माईक हाताशी होता. मी एक अक्षर बोलले नाही. पाच मिनिटं वीस सेकंदांनी बझर आपोआप थांबला. मला वाटलं, दमली. बरं झालं.

हे लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

बाहेर काढलं तेव्हा तिची मूठ उघडत नव्हती. मी एकेक बोट सोडवलं. ती माझ्याकडे बघत होती. मी नोंदवहीत लिहिलं, ‘अडचण नाही’, आणि सही केली.

त्या दिवसापासून ताईचं दुखणं थांबलं. म्हणजे तिने ‘दुखतंय’ म्हणणं थांबवलं. सकाळी उठायची, बादल्या भरायची, चढ चढून भाजी आणायची. आई म्हणाली, ‘जादूच झाली म्हणायची! काय केलंत गं तिथे?’ मी ताटातच बघत राहिले. ताई शांतपणे जेवत होती. उजव्या हाताने. डावा हात मांडीवर मिटलेला असायचा, आणि मला त्याच्याकडे बघवत नसे.

तीन आठवडे गेले. एका सकाळी आकडेशास्त्रींनी मला बोलावलं. स्कॅनमधले आकडे लावून त्यांची चित्रं करणारे हे आमचे गृहस्थ. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही.

‘बाई, हे काय झेंगट आहे बघा,’ ते म्हणाले. ‘धडधाकट लोकांची शेवटची अकरा स्कॅन आहेत. उजव्या बाजूला, कानाच्या वर चार बोटांवर हा ठिपका दिसतोय? डावी मूठ आवळली की तो उजळतो. अकराही जण मूठ आवळत होते. बझर वाजला होता का?’

‘नाही,’ मी म्हणाले. खरोखरच वाजला नव्हता.

‘आणि अकराही जण एकाच वेळी! म्हणजे, प्रत्येकाच्या सात मिनिटांत त्याच त्याच ठिकाणी. हे बघा. एक मिनिट दहा सेकंद.’

त्यांनी चष्मा वर केला आणि पुढचा आकडा शोधायला लागले. तो आकडा मला माहीत होता. ‘दोन-पाच,’ ते म्हणाले. ‘मग तीनपासून सलग. ते थेट…’

पाच-वीसपर्यंत. पाणी पिऊन येते सांगून मी उठले आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्याच दुपारी एक टपाल खात्यातले गृहस्थ आले होते, बडबडे आणि ठणठणीत. मी कॅमेरा त्यांच्या डाव्या हातावर लावला आणि सात मिनिटं पापणी लवू दिली नाही. हात सैल पडला होता. फुगा गोल गरगरीत, बोटं उघडी. एकदाही हलली नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘मजा आली. जरा डुलकीच लागली हो.’

त्यांच्या चित्रांतही ठिपका होता. एक-दहा, दोन-पाच, तीन ते पाच-वीस.

कंपनीचा इंजिनिअर येऊन दोन दिवस मशीन उघडून बसला. मशीन उत्तम आहे, असं लिहून गेला. मोठ्या मॅडमनी ताईनंतरची सगळी स्कॅन बाद करायला सांगितली.

‘हे मात्र ठेवू,’ आकडेशास्त्री म्हणाले आणि त्यांनी शेवटचं चांगलं स्कॅन उघडलं. ताईचा क्रमांक होता. ‘इतकं स्वच्छ स्कॅन मी आयुष्यात बघितलं नाही. दगडासारखी पडून होती बाई. मूठ नाही, चटक्याची खूण नाही, काही नाही. हिला दुखलंच नसणार.’

मी बघितलं. कानाच्या वर चार बोटांवर नुसता काळोख होता.

‘ती दाबत होती,’ मी म्हणाले.

‘कोण?’

‘ही. सव्वादोन मिनिटं तर सलग दाबत होती. मी आवाज बंद केला. माझी बहीण आहे ती.’

एकोणीस वर्षांत मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं.

‘बाई,’ ते सावकाश म्हणाले, ‘तुमचं काहीतरी चुकतंय. ही बाई दाबत नव्हती. चित्रच सांगतंय ना. उगाच अंगावर कशाला घेताय?’

मी नोंदवही काढली, ‘अडचण नाही’ खोडलं आणि घडलं ते वेळांसकट लिहिलं. खाली सही केली. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते.

चार वाजता घरी पोचले. आई शेजारी गेली होती. ताई आतल्या खोलीत कॉटवर पाठ टेकून पडली होती, पाय सरळ, हात दोन्ही बाजूंना. एरवी ती दिवसा पडत नसे. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. मी चप्पल न काढताच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘ताई, मला ऐकू येत होतं,’ मी म्हणाले. ‘सगळं ऐकू येत होतं. मी मुद्दाम थांबवलं नाही. तू नाटक करतेस असं वाटलं मला. मी फार वाईट वागले गं.’

ती छताकडे बघत होती. डोकं जराही हललं नाही.

‘ताई, माफ कर मला. मी तिथे सांगितलंय, लिहूनही दिलंय. तू खरंच दाबत होतीस.’

तिने ओठ ओले केले. मग ती बोलली. मोठ्याने बोलली. मशीनमध्ये कानांत बोळे घातलेली माणसं बोलतात तसं, स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्यासारखं.

‘अजून किती वेळ आहे गं?’

‘संपलंय, ताई. केव्हाच संपलंय. तू घरी आहेस.’

मी तिच्या इतकी जवळ होते की तिचा श्वास माझ्या हाताला लागत होता. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिने पुन्हा विचारलं. या वेळी जरा आणखी मोठ्याने, आणि नम्रपणे, जसं आपण अनोळखी माणसाला विचारतो.

‘अहो, कुणी आहे का तिकडे?’