कुंडातला संथ बेडूक

संघमित्राच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. असोद्याची ही माझी जुनी विद्यार्थिनी आता बेडकांच्या गुणसूत्रांवर संशोधन करते. तिने एवढंच विचारलं होतं : "सर, यावलच्या वरच्या कुंडातल्या बेडकांची कॅसेट तुम्ही वर्गात ऐकवली होती. त्यात, तुम्ही सांगितलंत तसा, इतरांसारखाच दिसणारा, पण संथ ओरडणारा एक होता. तो अजून आहे का? असेल तर मी येते. नसेल तर हे काम सोडून देते."

काही बेडकांत कधीतरी गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट होतो. पेशी मोठ्या होतात, बेडूक मात्र दिसायला तेवढाच राहतो. आवाज तेवढा संथ होतो. माद्या आपल्या चालीच्या आवाजाकडे जातात आणि मध्ये डोंगर नसताना, समुद्र नसताना, एकाच डबक्यात दोन जाती वेगळ्या होतात. शिवाय प्रत्येक जनुकाची जादा प्रत हाताशी असते. एकीने जुनं काम सांभाळायचं, दुसरी बदलायला मोकळी. हे सगळं मी वाचलेलं. पण गार पाण्यातही बेडूक संथच ओरडतो, हेही वाचलेलं. कुंडाचं पाणी गार. मग मी ऐकली ती नवी जात, की नुसता गारठलेला बेडूक? उत्तर लिहायला बसलो की हा प्रश्न आडवा येई आणि मी पेनाला टोपण लावी.

खात्री करायला कुंडावर जाणं भाग होतं, आणि हे मी बावळटासारखा डॉ. प्रेमराजांसमोर बोललो. आमच्या जळगावच्या कॉलेजचे हे माजी उपप्राचार्य. बारा खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण, आणि डोक्यात बातमीचा मथळा आधीच तयार : बेडकाला त्यांचं नाव.

"नानासाहेब, दुप्पट गुणसूत्रं म्हणजे बेडूकही दुप्पट. साधं गणित आहे."

मी घसा खाकरला. आयुष्यभर माझा विरोध तेवढाच.

"वनखात्याची परवानगी?" मी विचारलं.

"बेडूक आहे हो, वाघ नव्हे."

तरी मी गेलो. जीप त्यांची होती आणि गुडघे माझे होते.

यावल सोडलं, केळीच्या बागा मागे पडल्या आणि सातपुडा अंगावर आला. श्रावण सरत आला होता. सागाची पानं परातीएवढी झाली होती, वाटेवर शेवाळ, कड्यांवरून पाण्याच्या बारीक दोऱ्या. जीप नाल्याशी थांबली. तिथून पायी. पारोळ्याकडचा धनसिंग, प्रेमराजांचा ड्रायव्हर, खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन पुढे. मागे प्रेमराज, मोबाइलमधल्या स्वतःशी बोलत. शेवटी मी, प्रत्येक दगडाला आधी हाताने विचारून पाय टाकणारा.

नाला ओलांडतो न ओलांडतो तोच प्रेमराज ओरडले, "सापडला!"

त्यांच्या जाळीत एक पिवळाधमक डराव होता. प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक डबक्यात डराव डराव करणारा, साधा, लठ्ठ बेडूक.

धनसिंगने वाकून पाहिलं. "सायेब, याले जळगावले कसाले लई जातस? तठे गटारीमा कमी शेतस का?"

"तू गाडी चालव," प्रेमराज म्हणाले, आणि बेडूक थेट फॉर्मेलिनच्या बरणीत.

गुणसूत्रं मोजायला जिवंत पेशी लागतात. पण आमच्या पिढीच्या प्राणिशास्त्राने बेडूक पाहिला तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या मारलेला. बेडूक दिसला की आमचा हात आपसूक फॉर्मेलिनकडे जातो. या माणसाने तीस वर्षं मुलांना उत्क्रांती शिकवली, ती याच हाताने. मी त्यांना सांगू शकलो असतो. पण सांगितलं असतं तर ते कुंडाकडे आले असते, बरण्या घेऊन. म्हणून म्हणालो, "अभिनंदन."

ते खडकावर बसून बरणीसह स्वतःचं चित्रण करू लागले. मी एकटाच वर चढलो.

कुंडाशी ढग उतरले होते. भर दुपारी अंधारलं, भुरभुर सुरू झाली. मी खडकाला टेकून बसलो. आधी काहीच नाही. मग काठावरून एक बेडूक बोलला : भरभर, मोटर लावलेल्या शिलाई मशीनसारखा. अगदी त्याच्या शेजारून दुसरा : तसाच अंगठ्याएवढा, तसाच मातकट, पण पायाने दाबत चालवलेल्या मशीनसारखा, एकेक टाका वेगळा.

दोघे एकाच पाण्यात. एकाच गारव्यात!

मी मोबाइलवर दोन्ही आवाज उतरवले. तेवढ्यात खालून धनसिंगची हाक आली, "नाना, वर पानी पडी राहिनं! आते निंघा!"

मी घसरत, बसत, खरचटत उतरलो. नाला लाल झाला होता. धनसिंगने पलीकडे जाऊन दोर झाडाला बांधला, दुसरं टोक आमच्याकडे फेकलं. मी ते अर्जुनाच्या खोडाला आवळलं. प्रेमराज पुढे निघाले, एका हातात दोर, दुसऱ्यात बरणी. मागे मी. एका हातात दोर, दुसऱ्यात उंच धरलेला मोबाइल.

मध्यावर लोंढा आला. पाणी छातीला लागलं. प्रेमराजांचा पाय सुटला. दोरही निसटू लागला.

"बरनी सोडा, सायेब! तो बेडूक ते मरी गया, तुमना जीव शे अजून!"

सोडेनात! एका सामान्य डरावासाठी हा माणूस बुडायला निघाला होता. त्यांचा पट्टा माझ्या हाताच्या अंतरावर होता. पण तो हात रिकामा नव्हता. क्षणभर, खरं सांगतो, मी मोबाइलकडे पाहिलं.

मग सोडला. पट्टा पकडला. धनसिंगने ओढलं. आम्ही चिखलात आपटलो, तिघे, आणि ती बरणी.

यावलच्या स्टँडवर चहा पिताना प्रेमराज चार लोकांना सांगत होते, नानासाहेबांना पुरातून कसं बाहेर काढलं ते.

"सांगू द्या, नाना," धनसिंग हळूच म्हणाला. "बरनी बी आयकी राहिनी."

पुढच्या आठवड्यात त्यांचा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि टेबलावर डराव. मी पहिल्या रांगेत होतो. टाळ्याही वाजवल्या. कुंडाकडे कोणी फिरकणार नव्हतं. एवढ्या टाळ्यांना ते स्वस्तच होतं.

घरी येऊन पेनाचं टोपण काढलं. पुरावा नाल्यात गेला होता. उरले माझे कान, आणि त्यांच्यावर माझाच कधी विश्वास नव्हता. तरी लिहिलं :

"संघमित्रा, आहे. भरभर आणि संथ, दोघे एकाच पाण्यात ओरडताना मी ऐकले. दाखवायला माझ्याकडे काही नाही. परवानगी काढ आणि पाऊस आहे तोवर ये. बरणी आणू नकोस."

टपालपेटीच्या फटीत पाकीट धरून बराच वेळ उभा राहिलो. मागून एक मुलगी म्हणाली, "आबा, टाकताय का?"

टाकलं.