उत्तरेचा बाण

संध्याकाळी मांडणीतली भांडी नुसती किणकिणली, तर अख्खी सोसायटी खाली उतरली. दहा वाजून गेले तरी वर जायचं नाव कुणी काढत नव्हतं. लग्नाला दोन महिने झालेली अक्षता सासऱ्यांसमोर, महादेवप्पांसमोर, सतरंजीच्या कडेला बसली होती. पायाखालच्या जुळे सोलापूरच्या जमिनीवर तिचा आता तेवढासा भरवसा उरला नव्हता.

"मामा, परत हलंल का?"

महादेवप्पांची सगळी नोकरी भूकंपमापकांवर गेली. "खाली खडकाला तडा हाय. दोन्ही कडा एकमेकीला रेटत बसत्यात. कधी सुटतील, त्यांनाच ठावं. आमच्या निंगप्पाला इचार की!"

"सांगा, सांगा. म्हंजे पोरगी झोपायलाच नको," सासूबाई म्हणाल्या.

निंगप्पा महादेवप्पांच्या हाताखालचा. गेल्या अनंत चतुर्दशीला, रात्री पावणेबाराला, तो उमरग्याकडच्या एका ओसाड गावठाणात मापकाची बॅटरी बदलायला गेला. गाव त्याचंच. त्र्याण्णवला अशाच विसर्जनाच्या रात्री, पहाटे भूकंपात ते बसलं. नऊ वर्षांच्या निंगप्पाची बहीण, सिद्धम्मा, सापडलीच नाही. ढिगाऱ्यावर तीनदा ठोकायचं, आत कुणी असलं तर तीनदा उत्तर येतं, असं जवानांनी सांगितलेलं. पोर दोन दिवस घराच्या ढिगाऱ्यावर ठोकत होतं. शेवटी चुलत्यानं उचलून नेलं. "उत्तर येत न्हाय रे, चल."

आपण उठल्यावर आलं असलं तर? ते त्याला तेव्हापासून खात होतं.

बॅटरी बाहेरच्या पेटीत, ती जोडून झाली. मापक हातभर खोल पुरलेलं, वर लोखंडी झाकण, कुलूप. मापकावर कोरलेला बाण होकायंत्र धरून बरोबर उत्तरेला लावलेला. चालू झालं का बघायला शेजारी तीनदा टाच आपटायची, ही कामाची रीतच.

धप्. धप्. धप्.

लॅपटॉपवरच्या रेघेत तीन टोकं उठली. झालं, निघायचं.

मग... आणखी तीन.

"गुरं असतील," अक्षता पुटपुटली.

"गुरं मोजून पाय टाकत्यात व्हय?"

महादेवप्पा पुढं सांगू लागले.

निंगप्पानं पुन्हा टाच आपटली. तीनदा. थांबला.

तीन.

"सिद्धम्मा...?"

रेघ सरळ.

"कुटं हाईस?"

रेघ थरथरली. लांबच लांब. मग परत सरळ...

अक्षतानं पाय सतरंजीवर ओढून घेतले.

"उजाडताच त्याचा फोन. मी गेलो. कुलपाची चावी माझ्याकडंच असायची. कुलूप तसंच. झाकणावरची माती तशीच. उघडलं..."

"आणि?"

"बाण उत्तरेला न्हवता."

"घराकडं होता?"

"न्हाय. घर पूर्वेला. त्र्याण्णवला मी बी हुतो तितं, ते आमी तळापर्यंत उकरलेलं." त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "बाण पश्चिमेला होता. गोठ्याकडं. तितं... कुणी ठोकलंच न्हवतं."